शांतेच्या खोलीची खिडकी

गयामावशी, परवा तुझ्या घरात मी पहिल्यांदा डोळे न चोळता बसले. तू गेल्यापासून तुझी चूल पेटली नव्हती. शेजारणी भाकरी-कोरड्यास आणून देत होत्या, आणि त्या काळ्याकुट्ट भिंतींच्या खोलीत धूर नावालाही नव्हता. गावातल्या निम्म्या घरांचा धूर तू बाहेर काढलास आणि स्वतःच्या घरातला तेवढा राहू दिलास. मला तुझा राग आला. मग माझा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

तुझे गुण गायला मी लिहायला बसलेली नाही. ते काम परवाच्या सभेत बोलणाऱ्यांनी चांगलं केलं. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती आधीच सांगून टाकते, नाहीतर मी पुन्हा मागे सरेन. शांतेच्या खोलीची खिडकी मी बंद केली होती. तू ती उघडी ठेवून गेली होतीस, आणि तू खरं बोलत होतीस. चार वर्षं गाव तुला खोटी म्हणत होतं. चार वर्षं मला खरं माहीत होतं आणि मी गप्प होते.

आता बाकीचं सांगायला हरकत नाही.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी नर्स म्हणून या गावात आले. मेडशीला एस.टी. बदलली, फाट्यावर उतरले आणि ट्रंक डोक्यावर घेऊन पायी निघाले. वाटेत सरपणाचा भारा घेऊन तू भेटलीस. "कोनाची वं तू?" म्हणालीस. मी म्हटलं, वाशीमची, नवी नर्स. तू माझं आडनाव विचारलंस, आणि ते ऐकल्यावर भारा तिथेच खाली टाकलास. "मंग आपलीच पोरगी हाय नं," म्हणालीस. त्या दिवशी अख्ख्या बौद्ध वस्तीत तू मला मिरवलंस. आपली पोरगी नर्स झाली, पांढरं लुगडं नेसून आली, सुई टोचते. गावची सुईण तू, तुझ्या पोटावर पाय द्यायला सरकारने मला पाठवलं होतं. ते तुझ्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. तरी तू मिरवलंस.

मी मात्र शिकून आलेली होते. माझ्यापाशी भिंतीवर टांगायचा एक तक्ता होता. त्यात एक घर, घराला समोरासमोर दोन खिडक्या, आणि एकीतून आत येऊन दुसरीतून बाहेर जाणारे निळे बाण. इथे येऊन पाहते तो दोन खिडक्या कुठल्या, बहुतेक घरांना एकही धड नव्हती. धाब्याची घरं, हातभर जाड मातीच्या भिंती, पुढे एक दार, आणि छपरात एक सवणं, म्हणजे उजेड यायला आणि धूर जायला ठेवलेलं भोक. बाळंतिणीची खोली तर विचारूच नको. फटी चिंध्यांनी बुजवलेल्या, दाराला गोधडी, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओव्याची आणि बाळंतशेपांची धुरी. मी जिथे जाईन तिथे एकच घोकत होते, हवा खेळती ठेवा. बायका मान डोलवत, आणि माझी पाठ फिरली की गोधडी पुन्हा दारावर.

पहिल्याच पावसाळ्यात तू माझी खोड मोडलीस. एका घरी बाळंतीण धुरात खोकत पडली होती. दाराशेजारी एक टीचभर खिडकी होती, तिच्यातल्या चिंध्या मी ओढून काढल्या आणि सासूला चार शब्द सुनावले. झालं काय, तर बाहेरचा वारा नेमका त्याच बाजूचा. तो आत घुसला आणि चुलीचा सगळा धूर उचलून त्यानं बाजेवर नेऊन टाकला. बाळंतीण रडायला लागली, सासू माझ्याकडे बघायला लागली, आणि तू दारात उभी राहून पदरात हसत होतीस.

"वारं आत तं घेतलं, नर्सबाई," म्हणालीस, "पन त्याले जाऊ कोठून देशीन?"

मग तू वर बोट दाखवलंस. पाऊस आत येतो म्हणून सवण्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा झाकून ठेवला होता. तू घरधन्याला छपरावर चढवलंस, पत्रा काढून चार दगडांवर वीतभर उंच ठेवायला लावलास. पाऊस अडला आणि वाट मोकळी झाली. दारावरची गोधडी तू खालून तेवढी वर खोचलीस. मग एका निखाऱ्यावर चिमूटभर ओवा टाकून तो तू दाराशी धरलास, आणि ती धुराची रेघ खोलीतून तिरकी चढत सवण्यातून निघून गेली ती मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. माझ्या तक्त्यातले बाण मला त्या दिवशी कळले.

पुढच्या उन्हाळ्यात आपण दोघी घरोघर फिरलो. तू कोणाच्या घरात कुठे बसावं आणि मी कुठे, हे गावाचं ठरलेलं होतं. मला घरातल्या कपात चहा मिळे, पांढऱ्या लुगड्यामुळे. तुझी कपबशी बाहेर गोठ्याच्या कोनाड्यात असे. अर्धं गाव तुझ्या हातावर जन्मलेलं, तरी ती कपबशी कोनाड्यातच. मी एकदा त्यावरून तोंड उघडलं तर घरी येताना तूच मला झापलंस, "चहासाठी भांडू नको, भोकासाठी भांड." आणि भोकासाठी आपण पुष्कळ भांडलो. काजळीनं बुजलेली सवणी झाडून घेतली. दूर कोपऱ्यातल्या चुली सवण्याखाली आणल्या. मागच्या भिंतीला जमिनीलगत वीतभर भोक पाडून त्यावर तारेची जाळी बसवायला लावली. लोक म्हणत, भोकातून साप येईल. तू म्हणायचीस, "साप दारातूनच येते रे बाबू, त्याले भोक कायले पाह्यजे?"

पण एका बाबतीत तू ऐकलं नाहीस आणि मीही नाही. वारं बाळंतिणीच्या डोक्याला आणि लेकराच्या टाळूला लागता कामा नये, हा तुझा हट्ट. शुद्ध हवेनं कोणाचं काही बिघडत नाही, हा माझा. किती बायकांच्या उशाशी आपण यावरून तोंडाला तोंड दिलं. "तुया पुस्तकातल्या बाया आजारी पडत नसतीन, आमच्या पडते," असं तू म्हणालीस की माझं डोकं फिरायचं. मी चिडून चारचौघींत बोलायचे, ही गयाबाई खोल्या बंद करते, हिचं ऐकू नका, कोंडून मारील तुम्हाला. तसंच म्हणायचे. अगदी याच शब्दांत.

माझी मुलगी झाली तेव्हा माझं बाळंतपण तूच केलंस. माहेरी जायला सवड मिळाली नाही आणि माझ्या भाड्याच्या खोलीत थंडीच्या दिवसांत मी पडले. मी वेणा देतानासुद्धा खिडकी खिडकी करत होते, असं तू नंतर सगळ्यांना सांगायचीस. तू खिडकी उघडी ठेवलीस. दुपारी मला जाग आली तर तू खिडकी आणि पाळण्याच्या मध्ये भिंतीसारखी बसलेली, पाठ खिडकीकडे, मांडीवर तांदूळ निवडायचं सूप. मी म्हटलं, मावशी, तू गारठशील. "वारं खोलीत येऊ दे म्हनतं नं तू, येऊन राह्यलं," म्हणालीस. "माह्या पाठीले लागू दे. लेकराले नाई लागत." सात दिवस तू तशी बसलीस. आपल्या भांडणाचा निवाडा तू तेव्हाच करून ठेवला होतास. खिडकीही उघडी आणि टाळूही झाकलेली, मध्ये आडोसा. मी तो निवाडा डोळ्यांनी पाहिला, तुझी थट्टा केली, आणि विसरून गेले.

त्यानंतरच्याच हिवाळ्यात शांता बाळंत झाली. तिचा नवरा वाशीमला कचेरीत, आणि गावातलं पहिलं स्लॅबचं घर त्यांचं. सिमेंटच्या भिंती, गुळगुळीत फरशी, खिडक्यांना काचा. घरभरणीला सगळं गाव ते बघायला गेलं होतं आणि मीही कौतुक केलं होतं, आता कशी खरी हवेशीर घरं होतील म्हणून. तू मात्र छताकडे बघत राहिलीस. "याले सवणं कोठी हाय?" असं तू गवंड्याला विचारलंस आणि सगळे हसले. मीही हसले, मावशी.

मातीच्या घरात कितीही कोंडलं तरी फटीतून, सवण्यातून काहीतरी निसटत राहतं. शेगड्या पिढ्यान्‌पिढ्या बाजेखाली राहिल्या आणि बाया वाचल्या त्या त्यामुळे. सिमेंटच्या खोलीला फटी नव्हत्या. वरच्या दोन झडपा होत्या, त्या शांतेच्या सासूनं थंडीसाठी पोत्यांनी बुजवल्या. हे मला कळायला हवं होतं, शिकलेली मी होते. तुला ते न शिकता कळलं. सकाळी शांतेला न्हाऊ घालून, शेगडी ठेवून निघताना तू खिडकीची एक काच उघडी टाकलीस. आयुष्यभर बाळंतिणीला वाऱ्यापासून जपणाऱ्या बाईनं त्या घरात खिडकी उघडली, कारण त्या घराला फटच नव्हती.

मी दुपारी बाराच्या सुमारास गेले. शांता झोपेत होती. लेकराच्या पायांना हात लावला तर गार. खिडकीतून थेट पाळण्यावर झोत येत होता. मी पुढे झाले आणि काच ओढून खिटी लावली. पाळणा सरकवता आला असता, लुगड्याचा आडोसा करता आला असता, सासूला बोलावून बसवता आलं असतं. मला पलीकडच्या गल्लीत लसीला जायचं होतं. लेकराचे पाय ऊबदार झाले की येऊन उघडू, असं मनाशी म्हणाले. शेगडीकडे माझी नजर गेली होती का? गेली होती. जाताना मी दारही ओढून घेतलं. आणि लसीच्या गडबडीत परत यायचं विसरले.

चारच्या सुमारास तू शेकायला गेलीस. दार ढकललंस आणि शांतेला हाक मारलीस, तिनं ओ दिली नाही. बाकीचं मला लोकांकडून कळलं. तू आरडाओरडा केला नाहीस. लेकरू उचलून अंगणात सासूच्या ओटीत टाकलंस आणि आत जाऊन शांतेला बाजेसकट दारापर्यंत ओढत आणलंस, त्या वयात, एकटीनं. उंबऱ्याशी बाज अडली तेव्हा माणसं धावली. मी पोचले तेव्हा शांता अंगणात ओकत होती आणि लेकरू बारीक आवाजात रडत होतं. दोघं वाचली. डॉक्टर जीप घेऊन आले, म्हणाले, बंद खोलीत निखाऱ्याचा विषारी वायू कोंडला, अजून घटकाभर गेली असती तर संपलं होतं. आणि मग त्यांनी विचारलं, "खोली बंद कोणी केली?"

कोणी काही बोलायच्या आधीच सगळ्यांची मान तुझ्याकडे वळली. वळणारच होती. तीन वर्षं मी त्यांना तेच शिकवत होते.

"मी खिडकी खुली ठिवली होती," तू म्हणालीस. "सकायी. माह्या हातानं."

"खोटं नको बोलू बुढे," शांतेची सासू म्हणाली. "बंद होती. म्या पाह्यली."

तू पुन्हा तेच म्हणालीस, जरा हळू. मग डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, सिस्टर, या दायांना तुम्ही शिकवत नाही का? मी तिथे उभी होते, हातात लसीची पेटी. मी म्हटलं, "शिकवते, साहेब. ऐकत नाहीत."

हे वाक्य तू ऐकलंस. तू माझ्यापासून चार हातांवर होतीस.

का बोलले नाही, याची कारणं मी नंतर पुष्कळ जमवली. नोकरी कायम व्हायची होती. माझ्यावरचा विश्वास उडाला असता तर बायकांनी लस टोचून घेतली नसती, लेकरं गेली असती. वस्तीतली पहिली नर्स चुकली म्हणून गावाला आपल्या सगळ्यांवर बोट ठेवायला मिळालं असतं. ही कारणं मी स्वतःला इतक्यांदा सांगितली की ती पाठ झाली. खरं कारण एवढंच की मी घाबरले. पहिल्या दिवशी घाबरले आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाचं काय सांगू म्हणून घाबरले.

त्यानंतर तुला सवर्णांच्या वरच्या गल्लीतून बोलावणं आलं नाही. मग आपल्या वस्तीतूनही कमी झालं. लोक मेडशीला, वाशीमला जायला लागले, आणि माझ्या रजिस्टरात दवाखान्यातली बाळंतपणं वाढली. त्याबद्दल माझं कौतुकही झालं. तू शेतात निंदायला जायचीस, कापूस वेचायला जायचीस. माझ्या दारावरून जाताना पूर्वीसारखीच विचारायचीस, पोरगी जेवली का.

एकदाच तू तो विषय काढलास. माझ्या ओट्यावर बसली होतीस, खोकला तेव्हा सुरू झाला होता. इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणालीस, "नर्सबाई, त्या दिवशी शांतेकडे तू कवा गेलती वं?"

मी म्हटलं, "सकाळी. तुझ्या आधी."

तू माझ्याकडे पाहिलंस. मग "बरं," म्हणालीस, आणि गुडघ्यावर हात टेकून उठलीस.

तुला माहीत होतं का, मावशी? हे विचारायची सोय तू ठेवली नाहीस. कधी वाटतं, तुला सगळं कळलं होतं आणि तू मला एक संधी द्यायला आली होतीस. कधी वाटतं, तुला स्वतःचाच भरवसा उरला नव्हता, आपण खरंच खिडकी उघडली होती की नाही याची खात्री करायला आली होतीस. यातलं दुसरं जर खरं असेल तर ते मला सहन होत नाही. तुझ्या डोळ्यांनी पाहिलेलं, हातानं केलेलं मी तुझ्याकडून काढून घेतलं.

खोकला वाढला तसं मी तुझ्याकडे येऊन तुझ्यावरच ओरडायचे. चूल सवण्याखाली घे, मागे भोक पाड, दुसऱ्यांना सांगतेस आणि स्वतः काय करतेस. तू म्हणायचीस, "आता कोनासाठी वं?" तुझी सून यशोदा शेतावर असायची, तू एकटी त्या धुरात भाकरी थापायचीस. शेवटी शेवटी मीच गवंडी आणला. तू त्याला चहा पाजून परत पाठवलंस. मी तुझ्याशी आठ दिवस बोलले नाही, आणि नवव्या दिवशी यशोदा सांगत आली.

परवा तुझ्यासाठी पुण्यानुमोदनाला सगळे जमले. वरच्या गल्लीतलेही बरेच आले होते, मांडवाच्या कडेला उभे होते. वंदना झाली, दोघं-तिघं बोलले. बाई, तुम्हीही बोला, असं मला म्हणाले. मी उठले आणि आत्ता तुला वर सांगितलं ते तिथे सांगितलं. काच मी ओढली, खिटी मी लावली, गयामावशी खरं बोलत होती, मी साहेबांसमोर गप्प बसले. मला वाटलं होतं की कोणी उठून ओरडेल, कोणी तालुक्याला अर्ज करील, बायका उद्यापासून मला दारात उभं करणार नाहीत.

काही झालं नाही, मावशी. थोडी कुजबुज झाली. शांता खाली मान घालून म्हणाली, "मावशीनं मले बाजेसकट भायेर वढलं. मले तं तेवढंच आठवते." तिची सासू जवळ आली. मी म्हटलं, आता ही बोलेल. ती म्हणाली, "होते बाई असं, कामाच्या घाईत. बुढी चांगली होती बिचारी." आणि मग विचारलं, तिच्या धाकट्या नातवाचा डोस कोणत्या दिवशी आहे. मी सांगितलं, बुधवारी. ती बरं म्हणाली आणि गेली.

मांडव रिकामा झाल्यावर यशोदा भांडी गोळा करत होती. मी तिच्याजवळ गेले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "येवढंच होतं तं तवाच काहून नाई सांगतलं, बाई?"

मी तेव्हा सांगितलं असतं तर तेव्हाही हेच झालं असतं. शांतेची सासू म्हणाली असती, होते बाई असं. डॉक्टर मला दोन शब्द बोलले असते आणि जीपमध्ये बसून निघून गेले असते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू शांतेला न्हाऊ घालायला गेली असतीस.